संवेदनविषयक प्रयोगांतील परिकल्पना परीक्षण व परिणामाचा आकार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

‘निष्कर्ष ०.०५ पातळीवर सार्थ आढळला’ हे विधान मानसशास्त्रीय संशोधनात इतके रूढ झाले आहे की, आढळलेला फरक प्रत्यक्षात किती मोठा आहे, हा प्रश्न पुष्कळदा मागे पडतो. वस्तुतः ‘फरक आहे काय?’ आणि ‘फरक किती आहे?’ हे दोन स्वतंत्र प्रश्न होत. संवेदनाच्या अभ्यासात त्यांची फारकत कशी झाली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मापनाची परंपरा :

गुस्टाव्ह फेकनर यांनी १८६० मध्ये मनोभौतिकीचा पाया घातला. उद्दीपकातील किती फरक जाणवतो, हाच त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. अमेरिकेत चार्ल्स पर्स व जोसेफ जॅस्ट्रो यांनी १८८४ च्या सुमारास वजनांतील सूक्ष्म फरक ओळखण्याचे प्रयोग केले. वजनांचा क्रम त्यांनी पत्ते पिसून ठरविला. स्वतःच्या उत्तराविषयी काहीच खात्री नसतानाही निरीक्षकांची पाचांपैकी सुमारे तीन उत्तरे बरोबर येत होती. येथे ‘आहे’ आणि ‘किती’ ही दोन्ही उत्तरे एकत्रच मिळत होती.

चहाचे आठ प्याले :

रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या ‘द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स’ या ग्रंथात दिलेले उदाहरणही संवेदनाचेच आहे. प्याल्यात दूध आधी ओतले की चहा, हे चवीवरून ओळखता येते, असा एका स्त्रीचा दावा होता. आठ प्याल्यांपैकी दूध आधी ओतलेले चार प्याले निवडण्याचे ७० प्रकार संभवतात. म्हणून केवळ योगायोगाने सर्व उत्तरे अचूक येण्याची संभाव्यता १/७०, म्हणजे सुमारे ०.०१४ ठरते. चारपैकी किमान तीन प्याले बरोबर निवडले जाण्याची संभाव्यता मात्र १७/७०, म्हणजे सुमारे ०.२४ आहे, तेवढ्याने शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. ही चाचणी योगायोगाची शक्यता तपासते. त्या स्त्रीची क्षमता किती आहे, हे सांगत नाही.

नमुन्याचा आकार व सार्थकता :

दोन पर्यायांतून एक निवडण्याच्या प्रयोगात १०,००० प्रयत्नांत ५२ टक्के उत्तरे बरोबर आली, तर निष्कर्ष अत्यंत सार्थ ठरतो. याउलट २५ प्रयत्नांत ६० टक्के उत्तरे बरोबर येऊनही तो सार्थ ठरत नाही. पहिल्या उदाहरणात परिणाम नगण्य आहे, दुसऱ्यात तो महत्त्वाचा असू शकतो. केवळ सार्थकतेवर विसंबणारा संशोधक पहिला निष्कर्ष स्वीकारील आणि दुसरा टाकून देईल.

नेमन व पिअर्सन यांनी १९३३ मध्ये चाचणीच्या शक्तीचा विचार मांडला होता. तथापि मानसशास्त्राने त्याकडे बराच काळ दुर्लक्ष केले. जेकब कोहेन यांनी १९६२ मध्ये एका प्रमुख अमेरिकन नियतकालिकातील ७० अभ्यास तपासले. मध्यम आकाराचा परिणाम खरोखर अस्तित्वात असला, तरी तो सापडण्याची शक्यता सरासरी ४८ टक्केच होती. म्हणजे नाणेफेकीहूनही किंचित कमी. पुढे १९६९ च्या ग्रंथात त्यांनी प्रमाणित सरासरी-फरकासाठी ०.२, ०.५ व ०.८ हे लहान, मध्यम व मोठ्या परिणामाचे निकष दिले. मात्र ते यांत्रिकपणे वापरू नयेत, असा इशाराही दिला.

या दुर्लक्षाची किंमत २०१५ मध्ये उघड झाली. मानसशास्त्रातील १०० अभ्यासांची पुनरावृत्ती केली असता, मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थ असताना पुनरावृत्तीत केवळ ३६ टक्केच सार्थ आढळले. परिणामाचा सरासरी आकारही जवळजवळ निम्म्यावर आला.

समारोप :

परिकल्पना परीक्षण टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. योगायोगाला वास्तव मानण्याच्या चुकीपासून ते संशोधकाला सावध करते. परंतु परिणामाचा आकार व त्याचा विश्वास-अंतराल दिल्याशिवाय निष्कर्ष अपुराच राहतो. संशोधनाचे मार्गदर्शन करताना प्राध्यापकांनी ‘सार्थ आहे का?’ या प्रश्नापाठोपाठ ‘किती?’ हाही प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. फेकनरांनी मनोभौतिकीचा आरंभ याच प्रश्नापासून केला होता.