इनामाची शर्यत आणि बंद दरवाजा

‘बक्षीस’ हा शब्द मराठीत फारसीतून आला, ‘इनाम’ अरबीतून. दोन्ही शब्दांच्या मुळाशी देणाऱ्याची मर्जी आहे. वरचा खूश झाला म्हणजे खालच्याच्या पदरात काही पडायचे. आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांनी या शब्दांचा अर्थ पालटला. फडाचे इनाम आधी जाहीर होते आणि जिंकणारा ते हक्काने घेऊन जातो. प्रश्न उरतो तो एवढाच, की फडात उतरू कोणाला द्यायचे? अमेरिकेतल्या मोटारशर्यतींच्या जुन्या इतिहासात मला हाच प्रश्न पुन्हा भेटला.

तिकडे मातीच्या लंबगोल मार्गावर एका माणसाच्या, उघड्या चाकांच्या, हलक्या पण जबर ताकदीच्या मोटारी पळवतात. त्यांना आज ‘स्प्रिंट कार’ म्हणतात. सुरुवातीच्या काळात त्यांना ‘बिग कार’ म्हणत. परगण्याच्या जत्रेत घोड्यांच्या शर्यतींसाठी जो मार्ग असे, त्यावरच या मोटारी धावत. धुळीत पुढचे दिसत नसे. चालकाच्या डोक्यावर संरक्षक पिंजरा नसे. तिकिटांच्या पैशांतून इनाम निघे आणि ते मोटारीचा मालक व चालक वाटून घेत. हात-पाय मोडले तर घरी चूल कशी पेटायची, याची जबाबदारी कोणावर नव्हती.

मोठे इनाम होते इंडियानापोलिस शहरातल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत. 1911 साली ही शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा विजेत्या रे हॅरूनला 14,250 डॉलर मिळाले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. पण परवाना देणारी संस्था होती अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन, आणि कृष्णवर्णीयांना तिचा दरवाजा बंद होता. विसाच्या दशकात तर त्या इंडियाना राज्यात कू क्लक्स क्लॅनचे मोठे प्रस्थ होते. 1924 साली तिच्या पाठिंब्यावर तिथे राज्यपाल निवडून आला.

त्याच 1924 साली, त्याच शहरात, विल्यम रकर या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने आपल्या माणसांसाठी वेगळी शर्यत उभी केली. पैशाच्या व्यवस्थेत काही गोरे भागीदारही होते. 2 ऑगस्ट रोजी राज्याच्या जत्रेच्या मैदानावर, एक मैलाच्या मातीच्या मार्गावर शंभर मैलांची ही शर्यत झाली. ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडालेखक फ्रँक यंग यांनी तिला नाव दिले ‘गोल्ड अँड ग्लोरी’, म्हणजे सोने आणि कीर्ती. पहिल्या वर्षी माल्कम हॅनन जिंकला. इनाम पाचशे मैलांच्या शर्यतीच्या मानाने थोडेच होते, पण त्यात कोणाची मर्जी नव्हती. हजारो माणसे तिकीट काढून आली होती आणि आपल्याच माणसाला सर्वांत पुढे पाहत होती.

या शर्यतीचा खरा नायक चार्ली विगिन्स. इव्हान्सव्हिल गावात एका गॅरेजसमोर बूटपॉलिश करणारा हा पोरगा आत शिरून मेकॅनिक झाला. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून त्याला दुखणे कळे, असे लोक सांगत. स्वतः जुळवलेली ‘विगिन्स स्पेशल’ घेऊन तो 1926 साली जिंकला आणि पुढे आणखी तीनदा. 1934 साली बिल कमिंग्ज या गोऱ्या चालकाने पाचशे मैलांची मोठी शर्यत मारली. त्याची मोटार सजवण्यात विगिन्सचा हात होता. मैदानात मेकॅनिक म्हणून शिरता येईना, म्हणून तो झाडूवाला म्हणून आत गेला आणि रात्री मोटारीवर काम करू लागला, ही आठवण जुन्या मंडळींनी जपली होती. ज्याच्या हाताने ते इनाम जिंकले, त्याच्या हातात लोकांना दिसण्यासाठी झाडू द्यावा लागला!

मंदीने या शर्यतींचा पैसा आटत गेला. 1936 साली ‘गोल्ड अँड ग्लोरी’मध्ये एकावर एक मोटारी आदळल्या आणि विगिन्सने एक पाय गमावला. ती शेवटचीच शर्यत ठरली. गडी मात्र खचला नाही. स्वतःचा लाकडी पाय त्याने स्वतःच घडवला. पुढे कित्येक वर्षे इतरांच्या मोटारी दुरुस्त केल्या, पोरांना हे काम शिकवले आणि कृष्णवर्णीय चालकांना मोठ्या शर्यतीत घ्या, म्हणून भांडत राहिला. 1947 साली लुइव्हिलच्या जॉई रे या कृष्णवर्णीय चालकाला असोसिएशनचा परवाना मिळाला. पाचशे मैलांच्या शर्यतीत मात्र पहिला कृष्णवर्णीय चालक, विली टी. रिब्स, 1991 साली उतरला. ते पाहायला विगिन्स नव्हता. 1979 सालीच तो वारला होता.

पुढे 1978 साली टेड जॉन्सन यांनी स्प्रिंट कार चालकांची ‘वर्ल्ड ऑफ आउटलॉज’ ही मालिका सुरू केली. आउटलॉ म्हणजे कायद्याबाहेरचा. कोणा एका संस्थेला बांधून न घेता जिथे इनाम मोठे तिथे मोटार घेऊन जायचे, म्हणून ते चालक हे नाव अभिमानाने मिरवत. त्यांनी बाहेर राहणे स्वतः निवडले होते. विगिन्सच्या पिढीला ती निवड नव्हती, तिला दाराबाहेरच ठेवले होते. दोघांना एकच शब्द लावण्याआधी थोडे थांबावे, असे मला शब्दांशी व्यवहार करणारा माणूस म्हणून वाटते.

2023 साली ओहायोतल्या एल्डोरा येथे स्प्रिंट कारच्या एका शर्यतीत लोगन शुकार्टने 10,02,023 डॉलर जिंकले. मातीच तीच, धूळही तीच. असे आकडे छापले जातात आणि लक्षात राहतात. विगिन्सची आठवण मात्र टिकली ती म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आणि कृष्णवर्णीयांच्या जुन्या वृत्तपत्रांत. त्यातून पुढे पुस्तक झाले, माहितीपट झाला. त्याच्या कबरीवर नाव कोरलेला दगड बसला तो 2003 साली, मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी. सोने थोडेफार त्याला हयातीत मिळाले होते. कीर्तीचे देणे तेवढे इतकी वर्षे थकले होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)