घरातलं वर्कशॉप आणि रामाझ्झिनीचा प्रश्न

ग्राइंडर, छोटा वेल्डिंग सेट, बेंच व्हाइस. तिन्ही वस्तू आता मोबाइलवरून मागवता येतात, आणि माझ्या ओळखीतल्या चार-पाच जणांनी त्या मागवल्याही आहेत. कुणी तांब्याची कानातली घडवतं, कुणी सायकलसाठी कॅरियर जोडतं, कुणी जुन्या करवतीच्या पात्याची सुरी करतं. मलाही हा नाद आहे. त्यामुळे 'काळजी काय काय घ्यायची रे?' हा प्रश्न अधूनमधून माझ्याकडे येतो.

उत्तर चार ओळींचं आहे. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क, कानात प्लग, अंगावर सैल काही नको. पण चार ओळींचं उत्तर ऐकून कुणी चष्मा घालत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून हल्ली मी यादीऐवजी त्या यादीचा इतिहास सांगतो. यातल्या प्रत्येक नियमामागे एक गाव आहे, एक धंदा आहे, आणि त्या धंद्यात कान, फुप्फुसं किंवा बोटं गमावलेली माणसं आहेत.

व्हेनिसचे तांबट

बर्नार्डिनो रामाझ्झिनी हा इटलीतल्या मोडेना शहरातला वैद्यकाचा प्राध्यापक. १७०० साली त्याने कारागिरांच्या आजारांवर एक लॅटिन ग्रंथ छापला. रोग्याला काय विचारावं हे हिपोक्रेटिसच्या काळापासून ठरलेलं होतं. कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लं, वगैरे. रामाझ्झिनीने त्यात एका प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस? हा प्रश्न विचारण्यासाठी तो स्वतः कारागिरांच्या कामाच्या जागी जात असे.

व्हेनिसमध्ये तांबटांची वेगळी वस्ती होती. तिथले लोक दिवसभर तांबं ठोकतात, त्यामुळे त्यांना कमी ऐकू येऊ लागतं आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असं त्याने नोंदवून ठेवलं. हे वाचताना मला पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी आठवते. पेशवाईच्या काळात वसलेल्या या आळीत घर आणि कारखाना एकाच छपराखाली, हीच रीत. बंबावर, घंगाळावर हातोडीचे एकसारखे ठसे उमटवायचे, त्याला मठार म्हणतात. ठोक्यामागून ठोका, एकाच लयीत. त्या घरातलं तान्हं मूलसुद्धा त्याच आवाजात झोपतं.

आवाजाने जाणारा कान दुखत नाही. आधी बारीक आवाज जातात, मग गर्दीत बोललेलं कळेनासं होतं, आणि गेलेलं परत येत नाही. आपल्याकडच्या कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे. घरातला ग्राइंडर लोखंडावर टेकला की आवाज सहज १०० च्या आसपास जातो. कापसाचा बोळा तिथे जवळजवळ निरुपयोगी. फोमचे प्लग काही रुपयांना मिळतात. ते पिळून बारीक करून कानात आतपर्यंत बसवावे लागतात. पत्रा ठोकताना खाली वाळूची पिशवी किंवा लाकडाचा ओंडका घेतला तर आवाज बराच उतरतो, आणि शेजारीही बोलते राहतात.

शेफिल्डची धूळ

इंग्लंडमधलं शेफिल्ड हे सुऱ्या-काट्यांचं शहर. तिथले बरेच कारागीर मोठ्या कारखान्याचे नोकर नव्हते. दगडी चाकापुढची जागा भाड्याने घ्यायची, स्वतःच्या जबाबदारीवर काम करायचं. वालुकाश्माचं चाक गरगर फिरतंय आणि त्यावर ओणवा होऊन माणूस पातं घासतोय, असा त्यांचा दिवस. सुऱ्या बहुधा ओल्या चाकावर घासल्या जात, काटे आणि सुया कोरड्या चाकावर. फरक फक्त पाण्याचा. शेफिल्डच्या डॉ. नाइट यांच्या निरीक्षणांवरून एंगेल्सने १८४५ साली लिहिलं, की कोरड्या चाकावरचे कामगार सरासरी पस्तिशी जेमतेम गाठतात, ओल्या चाकावरचे पंचेचाळिशी क्वचितच ओलांडतात. नाइट यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. यांच्यात जे पक्के दारुडे, ते जास्त जगतात. कारण उघड आहे, ते कामाला सारखी दांडी मारतात.

यावर उपाय सुचला नव्हता असं नाही. १८२०च्या दशकात जॉन अब्राहम नावाच्या गृहस्थाने लोहकण खेचून घेणारं चुंबकाचं साधन तयार केलं. कामगारांनी ते नाकारलं. धंदा सुरक्षित झाला तर जास्त माणसं त्यात शिरतील आणि मजुरी पडेल, ही त्यांची भीती होती. ती अगदीच वेडगळ होती असं मला वाटत नाही; धोक्याचा भत्ता हीच त्यांची कमाई होती. शिवाय आज आपल्याला माहीत आहे, की चुंबक फक्त लोखंड ओढतं. फुप्फुसं खरवडून टाकणारी धूळ मुख्यतः दगडाची होती, सिलिकाची. या आजाराला आता आपण सिलिकोसिस म्हणतो. तो बरा होत नाही.

आपल्या ग्राइंडरची चाकं वालुकाश्माची नसतात. १८९०च्या दशकात सिलिकॉन कार्बाइडसारखे कृत्रिम अपघर्षक बाजारात आले आणि दगड हळूहळू मागे पडला. पण घरी काय होतं? लोखंड कापायला घेतलेल्या त्याच ग्राइंडरला रविवारी डायमंड ब्लेड लावून ओट्याचा ग्रॅनाइट किंवा टाइल कापली जाते. ती पांढरी धूळ म्हणजे थेट शेफिल्ड. तोंडावर बांधलेला रुमाल जाडी धूळ अडवतो. घातक असते ती बारीक धूळ, आणि ती रुमालातून आरपार जाते. निदान एन-९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. पाण्याने धूळ बसते हे शेफिल्डने दाखवलं आहेच, पण साध्या ग्राइंडरवर पाणी ओतलं तर शॉक बसतो. दगडासाठी पाण्यावर चालणारं कटर वेगळं मिळतं, ते घ्या. आणि नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. तेच कपडे घालून लेकराला उचलू नका.

ताशी २०० किलोमीटर

शेफिल्डमध्ये आणखी एक मरण होतं. चाकाचा दगड फिरता फिरता फुटायचा आणि समोरच्या माणसावर यायचा. हे मरण आजही जिवंत आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. गुणाकार केला तर डिस्कच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाने सुटलेला तुकडा गार्ड अडवतो. आणि लोक सगळ्यात आधी काय काढतात? गार्डच. मोठी डिस्क बसावी म्हणून, किंवा लाकूड कापायचं दातेरी पातं लावता यावं म्हणून.

१९४८च्या कारखाने अधिनियमातलं कलम ३० असं होतं, की प्रत्येक ग्राइंडिंग मशीनजवळ चाकाच्या कमाल सुरक्षित वेगाची पाटी कायम लावलेली हवी. घरी पाटी लावायला कुणी येणार नाही. मात्र डिस्कवरच कमाल फेरे छापलेले असतात. तो आकडा ग्राइंडरच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. बऱ्याच डिस्कच्या मधल्या कड्यावर मुदतीची तारीखही असते. चकतीतलं रेझिन जुनं झालं की कमकुवत होतं. पडलेली, ओल लागलेली, चिरलेली डिस्क टाकून द्या. नवी डिस्क लावल्यावर एक मिनिट रिकामी फिरवा आणि तिच्या रेषेतून बाजूला उभे राहा. डोळ्यात कण गेलाच तर तो काडीने काढणारा उस्ताद प्रत्येक गल्लीत असतो. त्याला नमस्कार करून नेत्रतज्ज्ञाकडे जा.

सोमवारचा ताप

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. १८३१ साली लीड्सच्या चार्ल्स थॅकरा यांनी पितळ ओतणाऱ्यांना येणाऱ्या तापाविषयी लिहिलं. दिवसा काम, संध्याकाळी हुडहुडी, अंगदुखी, तोंडात गोडसर धातूची चव, आणि एक-दोन दिवसांत सगळं साफ. रोज धूर घेणाऱ्याला त्याची सवय होते, सुट्टीत सवय मोडते आणि कामावर परतल्यावर ताप पुन्हा येतो. म्हणून त्याला सोमवारचा ताप असंही नाव पडलं.

जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायला १,५३८ अंश लागतात. म्हणजे जीआय पाइपाला वेल्डिंग केलं की वरचं जस्त आधी धूर होऊन उडणार. जोडाजवळचा जस्ताचा थर आधी उतरवून घ्या, आणि काम उघड्यावर करा. कल्हईवाला अंगणात किंवा रस्त्याच्या कडेला का बसायचा, हे नवसागराचा पांढरा धूर पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

जस्ताचा ताप उतरतो. कॅडमियमचा धूर मात्र जिवावर बेततो. 'केडीएम' सोनं हा शब्द तुम्ही सराफाच्या दुकानात ऐकला असेल. ते नाव आलं डाग लावायला वापरल्या जाणाऱ्या कॅडमियमवरून. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं, आणि धूर सोसतो तो फुंकणी घेऊन बसलेला कारागीर. काही जुन्या चांदीच्या सोल्डरमध्ये आणि पिवळसर झाक असलेल्या काही बोल्टांच्या मुलाम्यातही ते असतं. माहीत नसलेल्या मुलाम्याला आग लावू नये, हा नियम त्यातून येतो. गूळ खाल्ला, दूध प्यायलं, तरी फुप्फुसात गेलेलं काही बाहेर येत नाही.

उंबरठ्याशी थांबणारा कायदा

१८८१ साली भारतात पहिला फॅक्टरी कायदा आला, तो १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांसाठी. १९४८च्या कायद्याने ही मर्यादा विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी १० वर आणि विजेशिवाय चालणाऱ्यांसाठी २० वर आणली. २०२० साली संमत झालेल्या संहितेत ती पुन्हा २० आणि ४० अशी वर गेली आहे. तांबट आळीतलं घर तेव्हाही या आकड्यांच्या खाली होतं आणि आताही आहे. पार्किंगच्या कोपऱ्यातलं तुमचं टेबल तर मोजणीतच नाही. तिथे निरीक्षक येत नाही, मालकाला नोटीस जात नाही. मालक, कामगार आणि निरीक्षक तुम्हीच.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा ठेवा. आधी चष्मा, मास्क, प्लग, मग ग्राइंडर. लेथ किंवा ड्रिलच्या फिरत्या भागाजवळ हातमोजे, ओढणी, सैल बाही, मोकळे केस, हातातला धागा काहीही नको. हातमोजा बोट वाचवत नाही, बोटासकट आत जातो. पहिल्यांदा मशीन चालवताना घरात दुसरं कुणीतरी जागं असू द्या.

आणि कधी रात्री अचानक ताप भरला, खोकला थांबेना, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, तर डॉक्टर विचारतील, 'काम काय करता?' तुम्ही सवयीने 'सॉफ्टवेअर' म्हणाल, आणि त्यांचं निदान भलतीकडे जाईल. रामाझ्झिनीचा प्रश्न कारागिरांसाठी होता आणि रविवारपुरते का होईना, तुम्ही कारागीर आहात. डॉक्टरांना सांगा, की काल घरी जीआय पाइपाला वेल्डिंग केलं होतं.