जामबाग, लासिल्की आणि एक वही

हैदराबादला जाणारे बहुतेक लोक चारमिनार, सालारजंग आणि बिर्याणी करून परत येतात. मी मात्र लहानपणापासून तिथे जामबागेत जात आलो. माझी मावशी तिथे राहते. दखनी बोलीत जाम म्हणजे पेरू. नावावरून कधीकाळी इथे पेरूची बाग असावी. आता पेरूचे झाड औषधालाही नाही. कोठीच्या गर्दीला लागून असलेली ही वस्ती आम्हा मराठी माणसांना माहीत आहे ती विवेकवर्धिनीमुळे. निजामाच्या राज्यात, जिथे सरकारी कारभार उर्दूत चाले, तिथे १९०७ साली मराठी मुलांसाठी ही शाळा उभी राहिली. वामनराव नाईक, केशवराव कोरटकर अशी मोठी माणसे तिच्यामागे होती.

मावशीच्या यजमानांना आम्ही काका म्हणायचो. ते जाऊन मागच्या वर्षी वर्ष झाले. वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा मावशी म्हणाली, "अरे, ते कपाट तेवढे तू बघ. मला त्यातले काही कळत नाही, आणि रद्दीत घालायला हात धजत नाही." कपाटात जुने व्हॉल्व्ह, सोल्डरिंगची इस्त्री, मल्टिमीटर आणि एक जाड वही. मी कलाशाखेचा पदवीधर, त्यात सरकारी कारकून. व्हॉल्व्हपेक्षा वहीच जवळची वाटली.

वहीत तीन रकाने होते. पहिल्यात उर्दू शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. पहिली पाने काकांच्या वडिलांच्या हातची. उर्दू लिपी मला येत नाही, पण काकांनी पुढे प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने नागरीत उच्चार लिहून ठेवला होता. पहिल्याच ओळीत, लासिल्की – बिनतारी – वायरलेस. "ला" म्हणजे नाही आणि "सिल्क" म्हणजे तार. म्हणजे उर्दूने अरबीतून घेतलेला आणि मराठीने आपला घडवलेला शब्द एकाच वाटेने गेले होते!

या वहीमागे एक विसरलेला इतिहास आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. त्यासाठी आदल्या वर्षीच भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले. १९२९ साली तिथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. इंग्रजांच्या अमदानीत, देशातली उच्च शिक्षणाची दारे इंग्रजीतच उघडत असताना, हा प्रयोग थोर म्हणावा लागेल. पण त्याला दुसरी बाजूही होती. राज्यातील बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, मराठी नाहीतर कन्नड. त्यांच्या मुलांना एक परकी भाषा टाळण्यासाठी दुसरी शिकावी लागे. काकांच्या वडिलांनी मराठीत पाढे म्हटले आणि उर्दूत विजेचे नियम. १९४८ नंतर माध्यम इंग्रजी झाले आणि तिसरा रकाना आला. एका घराने दोन पिढ्यांत तीन भाषांतून एकच शास्त्र शिकले, त्याची ही वही साक्षीदार.

त्याच काळात जामबागेहून पायी जाता येईल अशा आबिड्सच्या चिराग अली गल्लीत महबूब अली नावाच्या टपाल-तार खात्यातील गृहस्थांनी खासगी रेडिओ केंद्र चालवले. पुढे ते निजाम सरकारने घेतले आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये ते राज्याचे केंद्र म्हणून बोलू लागले. त्याची शक्ती किती, तर २०० वॅट. घरातले शंभराचे दोन जुने दिवे पेटवायला लागेल तेवढीच! त्याच वर्षी म्हैसूरला प्रा. गोपालस्वामींनी घरगुती केंद्र काढून त्याला "आकाशवाणी" नाव दिले. आपल्याकडच्या प्रसारणाचा पाया असा हौशी लोकांनी घातला, सरकारे मागून आली. डेक्कन रेडिओवर उर्दूचा वरचष्मा असला तरी तेलुगू, कन्नड आणि आपल्या मराठीलाही जागा होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती जाहीर केली ती याच रेडिओवरून. १ एप्रिल १९५० रोजी हे केंद्र भारत सरकारकडे आले.

आम्हा गोंयकारांना रेडिओचे हे मोल वेगळे सांगायला नको. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्याच्या स्वातंत्र्याचा आवाज सुरू केला. पुढे ते केंद्र कॅसलरॉकला गेले आणि डिसेंबर १९६१ पर्यंत बोलत राहिले. आमचे आजोबा दार लावून, आवाज अगदी बारीक करून ते ऐकत. १८ डिसेंबर १९६१ ला बांबोळीचे पोर्तुगीज प्रक्षेपण केंद्र भारतीय विमानांनी उडवले, आणि दुसऱ्या दिवशी याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची बातमी सांगितली. आवाज बंद पाडणे आणि आवाज पोचवणे, लढाईत दोन्ही कामे यंत्रज्ञाचीच असतात. पण इतिहासात बोलणाऱ्याचे नाव राहते, तारा जोडणाऱ्याचे फारसे राहत नाही.

काका असेच तारा जोडणारे. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे मॅट्रिक होताच कोठीतल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसले. दिवसा दुरुस्ती, रात्री अभ्यास. १९५३ साली आपल्या देशात दूरसंचार अभियंत्यांची संस्था निघाली होती, तिलाच आज आयईटीई म्हणतात. तिची परीक्षा बाहेरून देता येई आणि ती उत्तीर्ण झालेल्याला नोकरीत पदवीधर अभियंत्याच्या बरोबरीचे मानत. महाविद्यालयाची पायरी न चढता काका तसे इंजिनियर झाले. ११ एप्रिल १९६७ रोजी तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून, डॉ. ए. एस. राव यांच्या पुढाकाराने, हैदराबादेत ईसीआयएल निघाली. अणुभट्ट्यांची उपकरणे, संगणक, दूरचित्रवाणी संच, सगळे आपले आपण बनवायचे या जिद्दीने. काका तिथे टीव्हीच्या विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

जून १९९९ मध्ये गोवा विधानसभेची निवडणूक संपूर्णपणे मतदान यंत्रांवर झाली. एखाद्या राज्याची संपूर्ण निवडणूक यंत्रांवर होण्याची देशातली ती पहिलीच वेळ. माझे ते पहिले मतदान. ही यंत्रे बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल या दोनच सरकारी कंपन्या बनवतात. मी फोनवर काकांना कौतुकाने सांगितले, तर म्हणाले, "बटण दाबलेस ना? मग झाले. यंत्र लक्षात राहिले नाही तर ते चांगले समजावे." पुढे कारकून झाल्यावर दर निवडणुकीला त्या यंत्राला सील लावताना मला हे वाक्य आठवते.

आता मूळ गोष्ट. माझा भाचा पणजीत इलेक्ट्रॉनिक्सची पदविका करतो. वडील नाहीत, लगेच नोकरी धरणे भाग आहे. मी त्याला मोठ्या ऐटीत काकांची वाट सांगितली. चौकशीअंती कळले की त्या परीक्षेची पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच. दर्जा राखण्यासाठी नियम लागतात, प्रयोगशाळेत हात न लावता इंजिनियर होऊ नये, हे मला पटते. पण काकांची प्रयोगशाळा दुकानच होती, आणि तिथे दिवसाला दहा बिघडलेले संच येत. एक दार बंद करताना त्याच्या शेजारी दुसरे तितकेच रुंद दार उघडले का, हे कोणी पाहिले का? नोकरदारांसाठी संध्याकाळची पदवी काही ठिकाणी आहे, पण ती सर्वत्र नाही आणि फीही सर्वांच्या आवाक्यातली नाही.

निघताना वही मी पिशवीत घातली. मावशी म्हणाली, "ने, पण नुसती ठेवू नकोस."

वही आता भाच्याकडे आहे. परवा बघितले, तर शेवटच्या पानावर त्याने चौथा रकाना आखला होता. त्यात कोकणी शब्द लिहायला घेतलेत. काही जागा अजून रिकाम्या आहेत.