ध्वनीवर लिहिलेलीं अक्षरें

जुन्या कागदाइतकेंच मोल तो वाचण्याच्या विद्येचें असतें. मोडी वाचणारा उरला नाहीं, तर दप्तरें शाबूत असूनहि मुकीं होतात. संगणकाचें वय दप्तरांच्या मानानें अल्प. तथापि हा प्रसंग त्याच्यावरहि ओढवला आहे.

१९७५ च्या सुमारास हौशी लोक घरीं संगणक जुळवूं लागले, तेव्हां आज्ञावली साठविण्याचीं खास यंत्रें सामान्य गृहस्थाच्या आवांक्याबाहेर होतीं. गाण्यांचा कॅसेट-टेपरेकॉर्डर मात्र सहज मिळे. त्या वर्षीं नोव्हेंबरांत अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें ‘बाइट’ मासिकाच्या पुढाकारानें जाणकारांची बैठक भरली आणि त्यांतून एक संकेत निघाला: शून्य म्हणजे १२०० हर्ट्झच्या स्वराचीं चार आवर्तनें, एक म्हणजे २४०० हर्ट्झचीं आठ. दोहोंस काळ सारखाच लागे. सेकंदास असे ३०० अंक उमटत.

१९८२ सालीं इंग्लंडांत निघालेल्या सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम यंत्राचा संकेत निराळा होता. त्यांत एकाचा स्पंद शून्याच्या दुप्पट लांब असे. वाहन मात्र ध्वनीचेंच. प्रथम एक लांब सूर, मग कर्कश किरकिर; कांहीं मिनिटें वाट पाहावी, आणि शेवटचा पडताळ्याचा अंक जुळला नाहीं, तर सारा खटाटोप पुन्हां करावा! हॉलंडांत नभोवाणीवरूनहि असे आवाज प्रक्षेपित होत आणि श्रोते ते टिपून घेत. १९८४ मधील सरकारी योजनेंतून आपल्या शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो यंत्रासहि कॅसेटची सोय होती.

आज त्या फितींचा चुंबकीय थर सुटत चालला आहे. परंतु यंत्र जिवंत असेल, तर उपाय साधा आहे. नव्या संगणकावर आज्ञावलीचा ध्वनि तयार करावा, त्याच्या हेडफोनच्या खोबणींतून तार काढून जुन्या यंत्राच्या कॅसेटच्या खोबणींत घालावी आणि आवाज बेताचा ठेवावा. समोर टेपरेकॉर्डरच आहे, असें तें बिचारें समजतें. मात्र तो ध्वनि एमपी३ रूपांत ठेवूं नये. मनुष्याच्या कानास न जाणवणारे बारकावे ती पद्धति टाकून देते, आणि यंत्राला कधीं कधीं तेच हवे असतात.

त्या काळच्या महागड्या यंत्रांच्या जोडण्या आजच्या संगणकांत आढळत नाहींत. गरिबाघरची ही युक्ति मात्र टिकली. कारण ध्वनि ही कोणा एका कारखान्याची मालमत्ता नव्हती, आणि तिचे संकेत लिहून ठेवलेले होते. अलीकडे कित्येक मोबाइल फोनांतून ती खोबणहि नाहींशी झाली आहे. म्हणून ज्यांच्या माळ्यावर अशा फिती पडून असतील, त्यांनीं त्या ऐकून, उतरून घेण्याचें काम उद्यांवर टाकूं नये.