जुळणीचे मोल

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला ज्यांचे नाव मिळाले त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७ मध्ये मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या, त्या क्रायस्लरकडून पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून. ‘ही तर नुसती जुळणी,’ असे म्हणून हा टप्पा कमी लेखला जातो. मला ते पटत नाही. मोटारीच्या आतल्या कामाकडेच पाहा. आधी वायरिंग, मग फेल्ट, डॅशबोर्ड, दारातली काच वर-खाली करणारी यंत्रणा, तिच्यावर लायनिंग आणि अगदी शेवटी आसने. क्रम चुकला तर बसवलेले सगळे उचकटावे लागते. कोणता भाग कशासाठी आहे आणि कुठे अडतो, हे जोडणाऱ्या हाताला आधी कळते. शिवाय आसन म्हणजे सांगाडा, स्प्रिंगा, भरण आणि खोळ. जहाजात ते जागा फार खाते, आणि लोहार, सुतार, शिंपी यांची कला आपल्याकडे होतीच. क्रँकशाफ्टपेक्षा आसन देशात घडवणे कितीतरी सोपे. स्वदेशी मोटारीकडे जाण्याची सर्वांत जवळची वाट गाडीच्या आतून जात होती.

यावर आक्षेप वजनदार आहे. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या. पण १९५३ मध्ये सरकारने, ज्यांच्याकडे उत्पादनाचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे असे ठरवल्यावर ती निघून गेली. पाव शतक जुळणी करूनही तिने भारतीय मोटार घडवली नाही. पण प्रीमियर टिकली, फियाट ११०० बनवू लागली आणि तीच गाडी पुढे पद्मिनी झाली. जुळणी दोन्हीकडे होती. फरक होता तो पुढचा भाग स्वतः बनवण्याच्या निश्चयाचा. कुर्ला म्हणजे इंदापूर नव्हे, हेही खरे. तरी खुद्द वालचंदनगरची वाटचाल याच दिशेने झाली. १९३० च्या दशकात इथे साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे याच गावात साखर व सिमेंट कारखान्यांची यंत्रे, इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटर केसिंगही तयार होऊ लागली.

इंदापूरशेजारच्या बारामतीत पियाजिओच्या तीनचाकी गाड्या १९९९ च्या सुमारास बनू लागल्या. आजच्या कारखान्यात भाग तयार होऊनच येतात, कामगाराला शिकायला काय उरते, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर जुळणी बंद करण्यात नाही. ते भाग कुठे आखले आणि घडवले जातात, हे विचारण्यात आहे. आसनाचा सांगाडा, रेक्झिन, वायरिंगचा जुडगा यांचे आरेखन बारामती-इंदापूरच्या मुलामुलींना शिकवले, कुशनकामाला इंजिनकामाइतकाच मान दिला, तर वालचंदांच्या काळातला निश्चय या भागात पुन्हा कामाला लागेल.