सरकारजवळची दुसरी किल्ली



बचत गटात आपण पैशांची पेटी एकीकडे ठेवतो आणि किल्ली दुसरीकडे. अमेरिकेच्या सरकारनेही एकदा असाच बेत केला होता, पण पेटी लोकांच्या बोलण्याची होती.

१६ एप्रिल १९९३ रोजी तिथे ‘क्लिपर चिप’ जाहीर झाली. फोनवरचं बोलणं कुलूपबंद करणारी ही चिप राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने बनवली होती. मात्र प्रत्येक चिपची दुसरी किल्ली सरकारजवळ राहणार होती, दोन तुकडे करून दोन खात्यांकडे. कायदेशीर परवानगी मिळाली की तुकडे जोडायचे आणि बोलणं ऐकायचं. सरकारची काळजी खोटी नव्हती. अपहरण करणाराही कुलूप वापरतो. मग पोलिसांनी त्याला शोधायचं कसं?

चिप वापरायची सक्ती नव्हती. पण मजबूत कुलपाचं सॉफ्टवेअर परदेशात विकायला सरकारी परवाना लागे, त्यामुळे कंपन्यांवर दडपण होतंच.

१९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने चिपमधली खोट दाखवली. कुलूप वापरूनही सरकारी किल्ली चुकवता येत होती. म्हणजे लबाड निसटणार आणि सरळमार्गी माणसाची किल्ली तेवढी सरकारजमा! १९९६ पर्यंत हा बेत बारगळला.

अशी सोय चोराच्या हाती लागली तर काय होतं, ते ग्रीसमध्ये दिसलं. तिथल्या एका मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत कायदेशीरपणे फोन ऐकण्याची सोय होती. २००४-०५ मध्ये कुणीतरी गुपचूप तीच वापरून पंतप्रधानांसह शंभराहून जास्त जणांचे फोन ऐकले.

आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार, हुकूम आल्यास निरोप सर्वांत आधी कुणी पाठवला हे मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी सांगायचं आहे. त्यासाठी सगळ्यांचंच कुलूप मोडावं लागेल, असं म्हणत व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

आपल्या फोनमध्ये काय नसतं? पासबुकाचे फोटो, दवाखान्याचे कागद, घरातल्या मारहाणीबद्दल मैत्रिणीने रात्री पाठवलेला निरोप. तो चुकीच्या हाती पडला तर तिच्या जिवावर बेतेल.

गुन्हेगार पकडलाच पाहिजे, असं आम्हालाही वाटतं. ज्याच्यावर संशय आहे, त्याच्या घराची झडती पोलिसांनी जरूर घ्यावी. पण त्यासाठी अख्ख्या गावाच्या किल्ल्या चावडीवर टांगून ठेवायच्या का?