प्रोस्टेटचा कर्करोग : जवळच्या इस्पितळातून सुरू होणारे निदान व उपचार

साठी उलटल्यावर रात्री दोन-तीनदा लघवीसाठी उठावे लागणे, धार बारीक होणे किंवा लघवी पूर्ण झाल्यासारखे न वाटणे, या तक्रारी बहुसंख्य पुरुष वयाच्या खात्यात जमा करून गप्प राहतात. काहींची परिस्थिती याच्या अगदी उलट असते. सर्वसाधारण रक्ततपासणीत ‘पीएसए’चा आकडा वाढलेला आला की कर्करोगच झाला, असे मानून घर हादरते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. लघवीची तक्रार बहुतेक वेळा कर्करोगाची नसते आणि प्रोस्टेटचा कर्करोग सुरुवातीला बहुतेक वेळा कोणतीच तक्रार निर्माण करीत नाही. हा फरक जाणून वेळीच जवळच्या इस्पितळात गेल्यास निदानाची अर्धी वाट तिथेच पार होते.

ग्रंथी आणि तिचे आजार

प्रोस्टेट ही केवळ पुरुषांत असणारी, अक्रोडाएवढी ग्रंथी होय. ती मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. वयोमानानुसार तिचा मूत्रमार्गालगतचा मधला भाग फुगतो. ही साधी वाढ असून ती कर्करोग नव्हे, तसेच तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मूत्रमार्गावर दाब आल्याने लघवीच्या तक्रारी सुरू होतात त्या बहुतांशी याच वाढीमुळे.

कर्करोग मात्र बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदाशयाकडील भागात उगवतो. तिथून मूत्रमार्गावर दाब येण्यास बराच काळ जातो, म्हणून लक्षणे उशिरा दिसतात. एकाच ग्रंथीत साधी वाढ आणि कर्करोग एकत्र नांदू शकतात. ‘ग्रंथी खरवडून काढण्याची’ दुर्बिणीची शस्त्रक्रिया पूर्वी झालेल्या रुग्णालाही पुढे कर्करोग होऊ शकतो, कारण त्या शस्त्रक्रियेत बाहेरचा भाग तसाच ठेवलेला असतो. म्हणून अशा रुग्णाने आपण यातून कायमचे सुटलो, असे समजू नये.

पहिली पायरी : जवळचे इस्पितळ

काणकोण, वाळपई किंवा पेडण्याच्या रुग्णाने पहिल्या तक्रारीसाठी थेट बांबोळी गाठण्याची गरज नसते. प्राथमिक वा सामाजिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि पुढे म्हापसा व मडगाव येथील जिल्हा इस्पितळे ही त्याची स्वाभाविक दारे आहेत. या पातळीवर चार गोष्टी होऊ शकतात : सविस्तर विचारपूस, गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी, लघवी व रक्ताची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी.

यातील बोटाच्या तपासणीला संकोचामुळे नकार दिला जातो. ती एका मिनिटात आटोपते आणि तिच्यासाठी भूल लागत नाही. निरोगी ग्रंथी हाताला मऊ-लवचिक लागते. एखादी टणक गाठ, खडबडीतपणा किंवा एक बाजू दुसरीपेक्षा कठीण लागल्यास पीएसए कमी असला तरी पुढील तपास करावा लागतो. सोनोग्राफीविषयीही एक गैरसमज आहे. तिच्यातून ग्रंथीचा आकार आणि मूत्राशयात उरणारी लघवी कळते, कर्करोग आहे की नाही हे कळत नाही. ‘ग्रंथी वाढलेली आहे’ एवढेच अहवालात असले म्हणजे कर्करोग नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

पीएसएचा आकडा कसा वाचावा

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथी तयार करीत असलेले प्रथिन आहे. ते केवळ कर्करोगाचे चिन्ह नव्हे. साधी वाढ, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, नुकतीच घातलेली कॅथेटरची नळी, आदल्या दोन दिवसांतील वीर्यस्खलन किंवा लांबची सायकलफेरी यांमुळेही आकडा वाढतो. संसर्ग झाला असेल किंवा लघवी तुंबली असेल तर सुमारे सहा आठवडे थांबून चाचणी पुन्हा करणे योग्य ठरते.

रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ४ नॅनोग्रॅम ही रूढ मर्यादा आहे. तरुण वयात त्याहून कमी आकडाही जास्त मानला जातो. ४ ते १० या टप्प्यात बायोप्सी केलेल्या साधारण चारांपैकी एका पुरुषात कर्करोग आढळतो. १० च्या वर ही शक्यता निम्म्याहून अधिक होते. उलट ४ पेक्षा कमी आकडा असूनही कर्करोग असू शकतो. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही ग्रंथी आकसविणारी औषधे सुमारे सहा महिने घेतल्यावर पीएसए निम्म्यावर येतो. त्यामुळे ती चालू असल्याचे डॉक्टरांना न सांगितल्यास अहवाल फसवा ठरतो. एकाच आकड्यापेक्षा वर्षागणिक त्याची चाल अधिक बोलकी असते, म्हणून जुने अहवाल तारखेसह जपून ठेवावेत.

एमआरआय आणि बायोप्सी

पीएसए पुन्हा करूनही वाढलेला राहिला किंवा बोटाला गाठ लागली तर रुग्णाला गोमेकॉच्या मूत्ररोग विभागासारख्या मोठ्या केंद्राकडे पाठविले जाते. आता बायोप्सीच्या आधी एमआरआय करण्याकडे कल आहे. त्यात संशयास्पद जागेला १ ते ५ असे गुण दिले जातात. १ किंवा २ गुण असल्यास काही रुग्णांची बायोप्सी टाळता येते. ४ किंवा ५ असल्यास नेमक्या त्या जागेतून तुकडा घेता येतो.

निदान पक्के होते ते बायोप्सीने. गुदाशयात सोनोग्राफीची नळी ठेवून, गुदाशयातून किंवा वृषण व गुदद्वार यांच्यामधील त्वचेतून, बारीक सुईने सामान्यतः १२ तुकडे घेतले जातात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते आधी सांगावे लागते. ती स्वतःहून बंद करू नयेत. बायोप्सीनंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसणे अपेक्षित असते. मात्र ताप किंवा थंडी भरून आल्यास त्याच दिवशी इस्पितळात जावे. ‘सुई लावल्याने रोग पसरतो’ या भीतीने बायोप्सी टाळणारे बरेच असतात. ही भीती निराधार आहे आणि तिची किंमत उशिराच्या निदानाने मोजावी लागते.

अहवालातील अंक

बायोप्सीच्या अहवालात ‘ग्लीसन’ नावाची बेरीज असते. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना किती बिघडली आहे, यावरून दोन अंक देऊन त्यांची बेरीज केली जाते. आज दिली जाणारी सर्वांत कमी बेरीज ६ असते. दहापैकी सहा म्हणजे रोग मध्यावर पोहोचला, असा रुग्णाचा समज होतो, प्रत्यक्षात तो सर्वांत सौम्य प्रकार आहे. हा घोळ टाळण्यासाठी आता १ ते ५ असे श्रेणीगट दिले जातात. ६ ची बेरीज म्हणजे गट १ आणि ९ वा १० म्हणजे गट ५. बेरीज ७ असल्यास ३+४ आणि ४+३ यांत फरक असतो. दुसरा प्रकार अधिक आक्रमक असून तो गट ३ मध्ये येतो.

श्रेणीगट, पीएसए आणि गाठीचा विस्तार या तिन्हींवरून धोका कमी, मध्यम की जास्त हे ठरते. धोका जास्त असल्यास रोग लसिकाग्रंथीत वा हाडांत गेला आहे का, हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन व हाडांचा स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅन केला जातो.

ग्रंथीपुरत्या रोगाचे उपचार

कमी धोक्याच्या कर्करोगाला लगेच उपचार लागतोच असे नाही. नियमित पीएसए, ठराविक काळाने एमआरआय व पुन्हा बायोप्सी करीत रोगावर लक्ष ठेवणे आणि तो वाढू लागल्यासच उपचार करणे ही आज मान्य पद्धत आहे. ब्रिटनमध्ये पीएसए चाचणीतून ग्रंथीपुरता रोग आढळलेल्या १,६४३ पुरुषांचा दीर्घ अभ्यास झाला. त्यांच्यापैकी काहींवर केवळ लक्ष ठेवले गेले, काहींची शस्त्रक्रिया झाली, काहींना किरणोपचार मिळाले. सुमारे १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत या कर्करोगाने झालेले मृत्यू ३ टक्क्यांच्या आसपासच होते. मात्र केवळ लक्ष ठेवलेल्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते. म्हणूनच ‘थांबून पाहणे’ म्हणजे तपासणीच सोडून देणे नव्हे. ठरलेल्या तारखा चुकविणाऱ्यासाठी हा मार्ग सुरक्षित राहत नाही.

शस्त्रक्रियेत संपूर्ण ग्रंथी व वीर्यकोश काढले जातात. ती पोटावर छेद घेऊन, दुर्बिणीने किंवा रोबोच्या साहाय्याने होते. यंत्रापेक्षा शल्यविशारदाचा अनुभव अधिक महत्त्वाचा असतो. पहिले काही महिने लघवीवर ताबा कमी राहतो आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने तो बहुतेकांत सुधारतो. लैंगिक क्षमतेवरही परिणाम होतो. किरणोपचारात शस्त्रक्रिया टळते. लघवीची जळजळ, शौचास वारंवार लागणे किंवा गुदाशयातून रक्त जाणे हे त्याचे संभाव्य त्रास. पूर्वी सात-आठ आठवडे चालणारे हे उपचार अनेक रुग्णांत चार आठवड्यांत, २० फेऱ्यांत, तेवढ्याच परिणामकारकपणे देता येतात. मध्यम व जास्त धोक्यात त्यांना संप्रेरक-उपचाराची जोड दिली जाते. जास्त धोक्यात ती दीड ते तीन वर्षे चालते.

पसरलेल्या रोगाचे उपचार

प्रोस्टेटचा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसतो. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिले आणि त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजही पसरलेल्या रोगाच्या उपचाराचा पाया तोच आहे. हे संप्रेरक दोन मार्गांनी थांबविता येते : वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया किंवा महिन्याने वा तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन. दोन्हींचा परिणाम सारखा आहे. शस्त्रक्रिया एकदाच होते, खर्च कमी येतो आणि तारीख चुकण्याचा प्रश्न राहत नाही. इंजेक्शन थांबविता येते, पण ते वेळेवर मिळाले पाहिजे. हा निर्णय रुग्णाने पत्नीसह, घाई न करता घ्यावा.

या जोडीला अ‍ॅबिरॅटेरोन, एन्झाल्युटामाइड यांसारख्या गोळ्या किंवा डोसीटॅक्सेल हे औषध आरंभापासून दिल्यास आयुष्य वाढते, हे सिद्ध झाले आहे. अ‍ॅबिरॅटेरोनची जेनेरिक आवृत्ती भारतात उपलब्ध असल्याने खर्च बराच उतरला आहे. संप्रेरक-उपचाराने अंगात उष्णतेच्या लाटा येतात, स्नायू क्षीण होतात, हाडे ठिसूळ होतात आणि मधुमेहाचा धोका वाढतो. रोजचे चालणे, कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व आणि साखर व रक्तदाबाची नियमित तपासणी हा उपचाराचाच भाग आहे. हे काम जवळच्या आरोग्य केंद्रात होऊ शकते.

तातडीची लक्षणे

लघवी अचानक पूर्ण बंद होणे ही तातडीची अवस्था आहे. जवळच्या इस्पितळात नळी घालून ती लगेच दूर करता येते. त्याहून गंभीर म्हणजे मणक्यातील रोगाचा मज्जारज्जूवर पडणारा दाब. सतत वाढणारी, रात्री झोप मोडणारी पाठदुखी, पायांत अशक्तपणा वा बधिरपणा, चालताना तोल जाणे, मल-मूत्रावरील ताबा सुटणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी मालिश किंवा वेदनाशामक गोळ्यांत दिवस घालविल्यास पाय कायमचे निकामी होऊ शकतात. चालता येत असतानाच उपचार मिळालेल्या रुग्णाची चाल टिकण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्यामुळे येथे वेळ दिवसांत नव्हे, तासांत मोजावा लागतो.

चाचणी कोणी करावी

भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची चाचणी आहे; प्रोस्टेटची नाही. सरसकट पीएसए चाचणीने काही जीव वाचतात, तसेच आयुष्यभर त्रास न देणारे कर्करोगही शोधले जाऊन अनावश्यक उपचार होतात. म्हणून ५० ते ६९ या वयात डॉक्टरांशी लाभ-हानीची चर्चा करून निर्णय घेणे श्रेयस्कर ठरते. वडील किंवा भाऊ यांना हा रोग झाला असल्यास धोका सुमारे दुप्पट होतो. अशांनी, तसेच आई-बहिणींत तरुण वयात स्तनाचा वा बीजकोशाचा कर्करोग झालेल्यांनी, ही चर्चा ४५ च्या सुमारास करावी. दहा वर्षे आयुष्य उरण्याची शक्यता नसलेल्या अतिवृद्ध, तक्रार नसलेल्या रुग्णाला ही चाचणी सहसा लाभ देत नाही.

खर्च आणि कागदपत्रे

गोव्यात २०१६ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण ठरविण्यात आले. कोणता उपचार कोणत्या इस्पितळात योजनेखाली मिळेल, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे व कार्डाचे नूतनीकरण वेळेवर करावे. मोठ्या केंद्राकडे जाताना सर्व पीएसए अहवाल, एमआरआयची सीडी, बायोप्सीचा अहवाल तसेच तिच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे आणि चालू औषधांची यादी सोबत असावी. काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा वाचून घेता येतात, त्यामुळे नव्याने सुई टोचण्याची वेळ सहसा येत नाही. उपचार बांबोळीत झाले तरी इंजेक्शन, पीएसए आणि तक्रारींचा पाठपुरावा गावाजवळच चालू राहावा, यासाठी प्रत्येक भेटीनंतरच्या कागदाची एक प्रत स्थानिक डॉक्टरांकडे ठेवावी.